माल्मोला दोन तास पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उत्तर युरोपच्या सहलीवर पानभर मजकूर आला होता. नऊ दिवसांत चार राजधान्या, कुठे किती वेळ ठेवायचा त्याचा तक्ता, आणि त्या तक्त्यात एक ओळ : 'माल्मो – दोन तास पुरेत, पाहण्यासारखं फारसं नाही.' ती ओळ वाचल्यापासून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. जमलं तर न कापता छापा, ही विनंती.

मी मध्य रेल्वेत सदतीस वर्षं होतो. १९८१ साली कल्याणला असिस्टंट म्हणून लागलो, २०१८ साली मेल गाड्यांचा लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. आमची मुलगी आणि जावई स्वीडनमध्ये माल्मोला राहतात. जावई रोज सकाळी गाडीने समुद्र ओलांडून डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला कामाला जातो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. आपल्याकडे कल्याणहून व्हीटीला जातात तसंच, फक्त मध्ये देश बदलतो. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे तीन आठवडे होतो. पण मी सांगतोय ती भटकंती चारच दिवसांची आहे, आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे.

त्याआधी २०१९ साली आम्ही एका सहल कंपनीबरोबर याच भागात जाऊन आलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळेच तसं करतात. निवृत्तीचे पैसे हातात होते, आयुष्यात एकदा म्हणून भरले. कोपनहेगनला अडीच तास मिळाले. त्यातली वीस मिनिटं जलपरीच्या पुतळ्यापाशी. १९१३ सालचा सव्वा मीटर उंचीचा सुंदर पुतळा आहे तो, पाण्याच्या कडेला दगडावर बसवलेला. पण आमच्यापुढे तीन बसगाड्यांची माणसं होती, आणि फोटोत जलपरीपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बस स्टॉकहोमकडे निघाली. रात्रीची झोप झालेली नव्हती. गाइडने पडदे ओढून घ्यायला सांगितले, सगळे झोपले. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना स्वीडनची शेतं होती. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल कधीच मागे पडला होता. ज्याने उभा जन्म रूळांवर काढला, तो माणूस आठ किलोमीटरच्या पुलावरून, पायाखालच्या मजल्यावर दुहेरी रेल्वेलाइन असताना, झोपेत गेला. घरी येऊन लोकांना 'चार देश केले' असं सांगितलं, पण ती चुटपुट पाच-सहा वर्षं गेली नाही.

यावेळी मुलीला आधीच सांगितलं, मला देश मोजायचे नाहीत. हा समुद्र आणि त्याच्या आसपासची चार गावं पाहायची : अलीकडे माल्मो, लुंड, हेलसिंगबोर्ग, पलीकडे कोपनहेगन. जाताना-येताना गाडी आणि बोट. बस नाही.

पहिला दिवस कोपनहेगनचा. मुख्य स्टेशन १९११ सालचं आहे, छताला लाकडी कमानी, आणि फलाट रस्त्याच्या पातळीखाली. उतरल्याबरोबर लक्षात आलं की इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपण डाव्या बाजूची माणसं, त्यामुळे गाडी ज्या बाजूने येईल असं वाटतं तिथून येतच नाही. स्टेशनच्या समोरच टिव्होलीची बाग आहे, १८४३ पासूनची. ती आम्ही बाहेरूनच पाहिली आणि मेट्रोत जाऊन बसलो, कारण मला ती मेट्रो पाहायचीच होती. २००२ पासून ती चालकाशिवाय चालते. सगळ्यात पुढे, जिथे आमची कॅब असायची, तिथे काच आहे आणि प्रवाशांची बाकं. एक शाळकरी मुलगा उठला आणि त्याने मला खुणेनेच ती जागा दिली. समोर बोगदा पळत होता. आमच्या नोकरीत प्रत्येक सिग्नल मोठ्याने बोलून दाखवायचा असतो, लोको पायलटने म्हणायचं आणि असिस्टंटने पुन्हा म्हणायचं. सदतीस वर्षांची ती सवय, डोळे आपोआप सिग्नल शोधत राहिले. स्टेशन आलं, गाडी फलाटावरच्या काचेच्या दारांसमोर बोटभरही चूक न करता थांबली. काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री-अपरात्री कसाऱ्याच्या घाटात पावसात गाडी काढलेल्या माणसाला त्या रिकाम्या जागी बसून गलबलून येतं, तेही खरं आहे.

सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून उंच काही चढायचं नाही असं ठरलं होतं. पण कोपनहेगनचा गोल मनोरा तिने चढला. राजा चौथा क्रिश्चियन याने १६४२ साली तो पुरा केला. वर वेधशाळा आहे, आणि वर जायला पायऱ्या नाहीत. आतून विटांचा रुंद उतार गोल-गोल फिरत वर जातो, साडेसात फेरे, दोनशे नऊ मीटर. १७१६ साली रशियाचा झार पीटर यावरून घोड्यावर बसून वर गेला होता. शेवटी थोडा अरुंद जिना लागतो, तेवढा जपून. वर गेलो तेव्हा हवा स्वच्छ होती. समुद्राच्या पलीकडे, अगदी क्षितिजाला, माल्मोची एक पिळवटलेली पांढरी इमारत दिसत होती. सौ. म्हणाली, "म्हणजे आपलं घर तिकडे." दोन देशांची गावं एकमेकांना अशी डोळ्याने दिसतात, हे आमच्या २०१९ च्या गाइडने सांगितलंच नव्हतं.

खाली येऊन कॉफी घेतली, तेव्हा सुट्ट्यात डेन्मार्कचा एक क्राउन मिळाला. मध्ये गोल भोक असलेलं नाणं. माझ्या आजीकडे करगोट्याच्या गाठीला बांधलेला भोकाचा पैसा होता, १९४३ च्या पुढे निघालेला, तो एकदम हातात आल्यासारखं वाटलं. डेन्मार्कची एक, दोन आणि पाचची नाणी अजून अशी भोकाची आहेत. समुद्र ओलांडून स्वीडनला गेलात की चलन बदलतं, आणि तिथे पुष्कळ दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत. ज्यांना आमच्यासारखी पाकिटात नोटा ठेवायची सवय आहे त्यांनी कार्ड जवळ ठेवावं. स्टेशनवरच्या शौचालयालाही तेच लागतं.

आता पुलाबद्दल. याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

कोपनहेगनहून माल्मोला गाडीने चाळीस मिनिटांच्या आत पोचतो. विमानतळाचं स्टेशन गेलं की गाडी आधी समुद्राखाली शिरते. जवळपास चार किलोमीटर बोगदा. विमानतळ अगदी जवळ आहे, पुलाचे उंच खांब विमानांच्या वाटेत आले असते, शिवाय जहाजांना मोठा मार्ग मोकळा लागतो, म्हणून तेवढ्या भागात पूल न बांधता बोगदा केला. बोगद्यातून गाडी वर येते ती माणसाने केलेल्या बेटावर. पेबरहोल्म त्याचं नाव. जवळच साल्टहोल्म नावाचं जुनं बेट होतं, म्हणजे मिठाचं बेट, म्हणून नव्याचं नाव मिऱ्याचं बेट. समुद्रतळातून निघालेली माती-दगड टाकून ते उभं केलं आणि मग तसंच सोडून दिलं. एक झाड लावलं नाही की अभ्यासकांखेरीज कुणाला पाय ठेवू दिला नाही. वाऱ्याने, पाण्याने आणि पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून तिथे पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती आल्या. गाडीतून ते सगळं मिनिटभरात निघून जातं, म्हणून डोळे उघडे हवेत. मग पूल. पावणेआठ किलोमीटरच्या वर. वर चौपदरी रस्ता, खाली आपण. खांब २०४ मीटर उंच, दोन खांबांमधलं अंतर ४९० मीटर. १ जुलै २००० ला डेन्मार्कची राणी आणि स्वीडनचा राजा यांनी मिळून तो खुला केला.

आणि पूल संपता-संपता, स्वीडनच्या किनाऱ्याला लेर्नाकेन नावाची जागा आहे, तिथे एक गोष्ट घडते. गाडीतल्या कुणालाही ती कळत नाही. मला कळली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

डेन्मार्कची ही लाइन २५ हजार व्होल्ट, ५० सायकलवर चालते, अगदी आपल्यासारखी. स्वीडनची १५ हजार व्होल्ट, आणि सायकल सोळा-सतरा. दोन्ही विजा एका तारेत येऊ शकत नाहीत. म्हणून मध्ये तारेचा एक तुकडा मेलेला ठेवावा लागतो. चालकाने वीज तोडायची, गाडी नुसत्या वेगावर त्या तुकड्याखालून काढायची आणि पलीकडे दुसरी वीज घ्यायची. आमच्या भाषेत डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य स्विच, उघडायचा आणि डीजे लावायचा. आपल्याकडेही न्यूट्रल सेक्शन, म्हणजे असा मेलेला तुकडा, येण्याआधी पाचशे मीटरला पाटी, अडीचशे मीटरला पाटी, मग 'डीजे उघडा' अशी पाटी असते. मी ते हजारो वेळा केलंय.

मुंबईत आपली सगळी लाइन पूर्वी १५०० व्होल्ट डीसीची होती आणि इगतपुरीच्या पुढे २५ हजार व्होल्ट एसी. म्हणून इगतपुरीला प्रत्येक मेल गाडीचं इंजिन बदलायचं. प्रवाशांना तेवढ्यात चहा आणि वडा मिळायचा, त्यांना वाटायचं चहासाठीच गाडी थांबते. नंतर आमच्या कल्याण शेडला दोन्ही करंटवर चालणारी इंजिनं आली. ती पहिल्यांदा हातात घेतली त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं होतं की आता इंजिन न बदलता पुढे जाता येईल. तिला त्यातलं काही समजलं नाही, पण तिने गूळ ठेवला देवापुढे.

तर त्या गाडीत मी जावयाशेजारी बसलो होतो. मोटरची बारीक गुणगुण चालू होती. पूल संपत आला आणि गुणगुण बंद झाली. एखाददोन श्वास घ्यावेत एवढाच वेळ. गाडी तरंगल्यासारखी नुसती पुढे जात राहिली. आणि पुन्हा गुणगुण सुरू झाली. मी जावयाला म्हटलं, "आत्ता करंट बदलला." तो अडीच वर्षं रोज दोनदा त्या जागेवरून जातोय. त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ऑफिसातून येताना मला फोन केला : "बाबा, आज ऐकलं."

याच गाड्यांची आणखी एक गंमत त्याने दाखवली, ती रेल्वेतल्या मित्रांसाठी लिहितो. गाडीच्या तोंडाला सभोवार काळ्या रबराची जाड कड असते. दोन गाड्या जोडल्या की ती रबरं एकमेकांवर घट्ट बसतात, आणि चालकाचं टेबल, खुर्ची, काच, सगळंच्या सगळं दारासारखं बाजूला वळतं. मधून मोकळी वाट तयार होते आणि प्रवासी एका गाडीतून दुसरीत चालत जातात. मी त्या वाटेतून तीनदा गेलो-आलो.

स्वीडनमधलं पहिलं स्टेशन हिली. इथे पोलिस गाडीत चढून कागद पाहतात. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण अस्सल पासपोर्ट जवळ हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवू नका. आमच्या समोरच्या बाकावर एका वयस्क जोडप्याने पासपोर्ट कोपनहेगनच्या हॉटेलात तिजोरीत ठेवला होता, त्यांना खाली उतरावं लागलं. बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसरा दिवस माल्मोचा, ज्याला आपल्या तक्त्यात दोन तास आहेत. नुसत्या स्टेशनवरच आमचा अर्धा तास गेला. २०१० साली शहराखालून बोगदा झाला, तेव्हा मुख्य स्टेशनला जमिनीखाली नवे फलाट मिळाले. त्या फलाटांच्या भिंतींवर खिडक्यांच्या आकाराची हलती चित्रं पडत असतात : जगभरच्या धावत्या गाड्यांतून दिसणारा बाहेरचा मुलूख. डोंगर, घरं, तारेचे खांब, शेतं. तुम्ही फलाटावर उभे असता आणि भिंत प्रवासाला निघालेली असते. एक गाडी आली नि गेली, सौ. उठेना. "ते डोंगर पुन्हा येतात का बघू," म्हणाली.

मोठ्या चौकात राजा दहावा कार्ल गुस्ताव याचा घोड्यावरचा पुतळा आहे. हा सगळा स्कोने प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता. त्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र गोठला आणि या राजाने बर्फावरून फौज चालवत नेऊन डेन्मार्ककडून प्रांत लिहून घेतला. आपल्याकडे तेव्हा अफजलखान यायचा होता, प्रतापगडाच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. पुढेही या दोघांत लढाया होत राहिल्या. आज त्याच दोन देशांमधल्या पाण्यावरून जावई डबा घेऊन कामाला जातो. इकडचे तिकडचे आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांचं समजून घेतात, आपली मालवणी आणि गोव्याची कोकणी यांचं जमतं तसं.

दुपारी मुलगी आम्हाला पश्चिम बंदरात घेऊन गेली. मनोऱ्यावरून दिसलेली ती पिळवटलेली इमारत इथेच आहे. एकशे नव्वद मीटर उंच, चौपन्न मजले, २००५ साली झालेली. खालून वर जाताना ती नव्वद अंशांनी फिरते. माणसं मान वर करून फोटो काढत होती. मी एका बाकावर बसलो, तर मुलीने सांगितलं, बाबा, इथे पूर्वी जहाजांचा कारखाना होता.

तो कोकुम्सचा कारखाना. एकेकाळी जगातल्या मोठ्या गोद्यांमध्ये गणला जायचा. तिथे १३८ मीटर उंचीची एक क्रेन होती, गावात कुठेही उभं राहिलं तरी दिसायची. जहाजांचं काम ऐंशीच्या दशकात बंद पडलं. क्रेन बरीच वर्षं तशीच उभी राहिली. शेवटी ती दक्षिण कोरियातल्या एका कंपनीने एका डॉलरला घेतली, आणि २००२ साली सुटी करून जहाजावर चढवून उल्सानला नेली. जहाज निघालं तेव्हा माल्मोची माणसं किनाऱ्यावर उभी राहून रडली. कोरियात तिला 'माल्मोचे अश्रू' म्हणतात.

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मला रेल्वेत लागून वर्षही झालं नव्हतं. पुढे घर माझ्या पगारावर चाललं. वडील रोज सकाळी सातला तयार होऊन खिडकीशी बसायचे, चिमणी दिसायची तिथून. भोंगा वाजायचा बंद झाला होता तरी त्यांना त्या वेळेला जाग यायची. त्या बाकावर मला वडीलच दिसले. मुलीने विचारलं, काय झालं, मला सांगता आलं नाही.

पण तिथलं एक पाहून मन भरलं आणि दुखलंही. त्या जुन्या गोदीच्या जागेवर आता घरं आहेत, महागही असतील. पण पाण्याची कड कुणाला विकलेली नाही. समुद्राला लागून लांबलचक लाकडी फळ्यांच्या पायऱ्या आहेत, वाटेत एकही फाटक नाही, वॉचमन नाही, पाटी नाही. शाळा सुटलेली पोरं दप्तरं टाकून पाण्यात उड्या मारत होती. एक आजी टॉवेल गुंडाळून पुस्तक वाचत बसली होती. सौ. गुहागर तालुक्यातली, खाडीवर वाढलेली. तिने चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. २०१९ ला नऊ दिवसांत समुद्र रोज दिसला होता, पाय एकदाही लागला नव्हता. पाणी जूनमध्येही बर्फासारखं होतं. ती दहा मिनिटं हलली नाही. आमच्या लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांच्या फाटकातून माझे वडील आज आत जाऊ शकले नसते. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तिसऱ्या दिवशी लुंड. माल्मोहून पाव तास. वाटेत गाड्यांची बाजू बदलते. माल्मोपर्यंत डेन्मार्कसारखी उजवी, आणि पुढे एका उड्डाणमार्गाने रूळ एकमेकांवरून ओलांडून डावी. स्वीडनने रस्त्यावरची वाहनं ३ सप्टेंबर १९६७ ला एका रात्रीत डावीकडून उजवीकडे घेतली, रेल्वे मात्र डावीकडेच राहू दिली. लुंडच्या फलाटावर उभा राहिलो आणि गाडी जिथून यायला हवी तिथूनच आली. गाव लहान, विद्यापीठ १६६६ सालचं. बाराव्या शतकातलं मोठं चर्च आहे, त्यातल्या जुन्या घड्याळाचा दुपारी बाराचा खेळ पाहा : वाजंत्री वाजते आणि लाकडी राजे मेरीपुढून एकामागून एक जातात. तळघरात एका दगडी राक्षसाने खांबाला मिठी मारली आहे. लुंडला अर्धा दिवस खरोखर पुरतो.

चौथ्या दिवशी सगळा फेरा केला. सकाळी माल्मोहून हेलसिंगबोर्ग, तिथून बोटीने डेन्मार्कच्या हेलसिंगोरला, तिथून गाडीने कोपनहेगन आणि रात्री पुलावरून घरी. हेलसिंगबोर्गला रेल्वे स्टेशन आणि बोटीचा धक्का एकाच छपराखाली आहेत. समुद्र इथे चारच किलोमीटर रुंद. बोट वीस मिनिटांत पलीकडे जाते आणि दिवसभर फेऱ्या चालू असतात. सौ.ला दाभोळ-धोपाव्याची आठवण झाली. आता तिथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, तिच्या लहानपणी साधी होडी असायची, आणि होडीतून उतरताना परकर वर धरावा लागायचा. इथे गावातली काही माणसं पलीकडे उतरतच नाहीत. बोटीत बसून खातात-पितात, गप्पा मारतात आणि त्याच बोटीने परत येतात. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दसुद्धा आहे.

आमच्या बोटीचं नाव टीको ब्राहे, याच समुद्रातल्या व्हेन बेटावर वेधशाळा बांधणारा खगोलशास्त्रज्ञ. २०१८ पासून ती बॅटरीवर चालते. धक्क्याला लागली की किनाऱ्यावरच्या मनोऱ्यातून एक यांत्रिक हात पुढे येतो, बोटीचं झाकण शोधतो आणि स्वतःच जोडणी करतो. माणसं-गाड्या चढेपर्यंतच्या मिनिटांत ती भरून घेते. मी कठड्याला धरून ते दोन्ही किनाऱ्यांवर पाहिलं. पूल होण्याआधी, २००० सालापर्यंत, रेल्वेचे डबेच्या डबे इथे बोटीच्या पोटात चढवून पलीकडे नेत असत.

पलीकडे क्रोनबोर्गचा किल्ला, हिरव्या तांब्याच्या छपरांचा, बरोबर चिंचोळ्या तोंडावर. हा डेन्मार्कचा जकात नाका. १४२९ पासून १८५७ पर्यंत इथून जाणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायचे. कप्तानाने मालाची किंमत सांगायची, त्यावर जकात. किंमत कमी सांगितली तर? राजाला हक्क होता, सांगितलेल्या किमतीला तो माल स्वतः विकत घ्यायचा. मग कोण खोटं सांगेल! आपले जकात नाके ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली हुशारी लगेच कळेल. तळघरात होल्गर डान्स्के या वीराचा झोपलेला पुतळा आहे. देशावर संकट आलं की तो उठेल म्हणतात.

संपादक महाशय, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून माझ्यासारखे पुष्कळ लोक आयुष्याची पुंजी अशा सहलींत घालतात. त्यांना राजधान्यांच्या तक्त्याऐवजी असा एखादा फेरा छापून सांगा. गाडीचं तिकीट चढण्याआधी यंत्रावर कसं काढायचं, पासपोर्ट कुठे लागतो, गुडघे दुखणाऱ्याने कुठे चढावं, समुद्राला पाय कुठे लावता येतात, जूनमध्येही वाऱ्यासाठी जाड जाकीट का लागतं. आणि सहल कंपन्यांना आपल्या वर्तमानपत्रातून विनंती करा : नऊ दिवसांतला एक दिवस बसविना ठेवा, माणसांना गाडीत आणि बोटीत बसू द्या, पुलावर पडदे उघडे राहू द्या.

त्या रात्री कोपनहेगनहून परत निघालो तेव्हा दहा वाजत आले होते आणि पाण्यावर अजून उजेड होता. दिवसभर चालून सौ. दमली होती, मी म्हटलं, डोळे मिट, मी उठवतो. ती म्हणाली, नको, ती जागा आली की सांगा. बोगदा गेला, मिऱ्याचं बेट गेलं. पुलाचे खांब एकामागून एक खिडकीवरून सरकायला लागले. मी बोट वर केलं. गुणगुण थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
कल्याण (पूर्व)